माळ्यावर ओली बाळंतीण आहे, जरा दमाने घ्या

पत्र:
मावशी, आम्ही टोरोंटोत स्कारबरोला राहतो, घर घेऊन दीडच वर्ष झालंय. गेले दहा-बारा दिवस रात्री दोन-अडीचला आमच्या बेडरूमच्या वर कोणीतरी चालतं. उंदीर नाही, चांगलं वजनदार काहीतरी, धप धप, आणि मग सामान ओढल्यासारखा आवाज. परवा नवऱ्याने बाहेरून टॉर्च मारला तर गॅरेजचं छप्पर वरच्या भिंतीला लागतं तिथलं सॉफिट (छपराच्या पुढे आलेल्या कडेखालची पट्टी) वाकलेलं, आणि त्यातून एक काळ्या मुखवट्याचा रॅकून आमच्याकडे बघतोय! आता नवरा म्हणतो शनिवारी ट्रॅप आणतो, पकडतो आणि थेट अल्गोनक्विन पार्काच्या जंगलात नेऊन सोडतो. सासूबाई राजापूरहून सहा महिन्यांसाठी आल्यात, त्या म्हणतात आमच्या माळ्यावर उदमांजर यायचं, कोणी काही करायचं नाही, आपोआप जायचं. शिवाय त्या रोज संध्याकाळी डेकवर उरलेली पोळी ठेवतात हे मला काल कळलं. मुलगी तीन वर्षांची आहे. घरात रोज वाद, मला झोप नाही. आणि हो, चार दिवसांपासून वरून बारीक कुई कुई पण ऐकू येतंय.
– झोप उडालेली

उत्तर:
अगं झोप उडालेली, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलीस. ती कुई कुई. ती नसती तर मी तुला दहा ओळींत मोकळं केलं असतं. पण एप्रिलचा शेवटचा आठवडा, वर जड प्राणी आणि आता बारीक आवाज, याचा अर्थ सरळ आहे, तुमच्या डोक्यावर एक ओली बाळंतीण झोपलीये. तेव्हा शनिवारचा ट्रॅप कॅन्सल, आणि जावईबापूंनी ऑलरेडी आणला असेल तर बिल जपून ठेवा म्हणावं, परत करता येतो.

हे बघ, इथली रॅकून मादी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये गाभण राहते, ६३ दिवसांच्या आसपास पोटात, आणि मग मार्चअखेर ते मे या काळात तीन-चार, कधी पाच पिल्लं. नर केव्हाच निघून गेलेला असतो, पुढचं सगळं हिचं हिने बघायचं. जंगलात ती जुन्या झाडाची ढोली शोधते. शहरात तेवढी पोकळ झाडं राहिली कुठे, मग तुमचा माळा, म्हणजे इथला अ‍ॅटिक! कोरडा, उबदार, खाली थंडी अडवणाऱ्या गुबगुबीत इन्सुलेशनची गादी, कोल्ह्यासारखा तो कोयोटे पोचत नाही, कुत्रं पोचत नाही, शेक-शेगडी फुकट. तिच्या हिशोबाने ती माहेरी आलीये. जन्मलेलं पिल्लू आपल्या मुठीत मावेल एवढं असतं, डोळे मिटलेले, ते उघडायलाच तीनेक आठवडे जातात, आणि आईच्या मागे स्वतःच्या पायांनी बाहेर पडायला आठ ते दहा आठवडे. आपल्याकडे सव्वा महिना पाळतात, हिचे सव्वादोन महिने धर. म्हणजे कुठे, जूनचा शेवट, फार तर जुलैचा पहिला-दुसरा आठवडा.

आता अल्गोनक्विनचा प्लॅन. मला माहितीये त्यामागे वाईट हेतू नाहीये, उलट त्याला वाटतंय की आपण किती चांगलं करतोय, मारत नाही, जंगलात सोडतोय, तीन तास ड्राइव्ह करतोय. पण एक तर आपल्या ऑन्टारिओ प्रांतात ते बेकायदेशीर आहे. पकडलेला जंगली प्राणी २४ तासांत सोडावा लागतो आणि तो पण पकडला तिथून एक किलोमीटरच्या आत. एक किलोमीटर म्हणजे तुमच्या घरापासून जवळच्या टिम हॉर्टन्सच्या कॉफीच्या दुकानापर्यंत, रॅकून तुमच्या आधी घरी परत! लोकांना हा नियम वेडगळ वाटतो पण त्याला कारण आहे. रॅकूनचा रेबीज ऑन्टारिओतून जवळजवळ दहा वर्षं गायब होता आणि डिसेंबर २०१५ मध्ये हॅमिल्टनला परत सापडला, तेव्हापासून सरकार लशीची आमिषं टाकत फिरतंय, गावाबाहेर विमानातून आणि शहरात हाताने. रोग अंगात असलेला एखादा प्राणी कोणीतरी भाबडेपणाने गाडीत घालून दोनशे किलोमीटर लांब सोडला की ती सगळी मेहनत पाण्यात. आणि त्या प्राण्याचं म्हणशील तर त्याला तिथे पाणी कुठे, ढोली कुठे, खायला काय मिळतं काही म्हणजे काही माहीत नसतं, तिथले रॅकून त्याला उभं करत नाहीत, बरेचसे मरतात.

दुसरं म्हणजे पकडणार कोणाला? आईलाच ना. मग वर पिल्लं राहिली. डोळे मिटलेली. पुढचं मी लिहीत नाही, कपाटामागे उंदीर मेल्यावर घराची काय अवस्था होते ते आठव आणि त्याला चाराने गुण. आणि ट्रॅपमध्ये रॅकूनच येईल हे कोणी सांगितलं, शेजाऱ्याची मांजर येते, घाण वासाची पिचकारी मारणारा स्कंक येतो. स्कंक आला तर मग मला पत्र लिहू नका, शहर सोडा.

मी एवढं ठासून सांगतेय कारण आम्ही हा मूर्खपणा करून बसलोय. मिसिसागाचं आमचं पहिलं घर, मे महिना, असाच आवाज. आम्ही स्वस्तातला एक माणूस बोलावला, त्याने वर डोकावूनसुद्धा बघितलं नाही, भोकावर एकतर्फी दार बसवलं (म्हणजे आतून ढकललं की उघडतं, बाहेरून उघडत नाही), पैसे घेतले आणि गेला. रात्री बाई चरायला बाहेर पडल्या. पहाटे परत आल्या आणि दार उघडेना. अगं काय सांगू तुला, तिने छपराचे शिंगल्स पत्त्यांसारखे उचकटले, प्लास्टिकचा व्हेंट फोडला, एका भोकाची तीन भोकं केली. आणि आत पिल्लं रडतायत. कुई कुई नाही ती, भुकेल्या पोराची असते तशी किरकिर, थांबतच नाही. तिसऱ्या दिवशी दुसरा शहाणा माणूस आला, त्याने कपाटाच्या आतलं छताचं ड्रायवॉल (जिप्समची पातळ पाटी) कापून हात घालून चार पिल्लं काढली, एका खोक्यात जुना टॉवेल आणि गरम पाण्याची बाटली घालून त्यात ठेवली आणि खोकं छपराच्या कडेला नेऊन ठेवलं. रात्री एक वाजता ती आली. एकेकाला मानेला धरून उचलायची, झाडावरून खाली, कुंपणावरून पलीकडे, आणि परत रिकाम्या तोंडाने. चार खेपा, पाऊण तास. मी बाथरूमच्या खिडकीतून मोजत उभी होते. तिच्याकडे दुसरी जागा होतीच, आम्ही फक्त तिला पिल्लं न्यायची संधी दिली नव्हती. छपराचं बिल मात्र आमच्याकडेच राहिलं.

तेव्हा क्रम लक्षात ठेव. आधी पिल्लं, मग आई, मग भोक, आणि शेवटी साफसफाई. लोक उलटं करतात, आधी भोक बुजवतात, आणि सगळा राडा तिथून सुरू होतो.

आता तुझ्यापुढे रस्ते काय. पहिला रस्ता, काही न करता जुलैपर्यंत थांबायचं. हसू नकोस, यात पैसे जात नाहीत आणि टोरोंटो वाइल्डलाइफ सेंटरसारखे लोकसुद्धा पिल्लं असताना जमत असेल तर थांबा हेच सांगतात. तुमच्या आणि तिच्यामध्ये ड्रायवॉल आहे, ती बेडरूममध्ये उतरून येणार नाहीये. पण तुझी झोप आहे, खाली पोर आहे, आणि नऊ-दहा आठवडे वर मुतणं-हगणं चालू, तेव्हा हे सगळ्यांना झेपत नाही ते मला मान्य आहे.

दुसरा रस्ता मला आवडतो, त्याला मी सभ्यपणे घर खाली करायला सांगणं म्हणते. तिच्यासाठी ती जागा तीनच गोष्टींमुळे चांगली आहे, अंधार, शांतता आणि कोणाचा वास नाही. त्या तिन्ही काढून घ्यायच्या. अ‍ॅटिकच्या झाकणातून (वर चढायचं नाही, फक्त झाकण जरा सरकवून, दुपारी, आणि कोणीतरी शिडी धरून) एक दिवा आत ठेवायचा, एलईडीचा, तापणारा बल्ब नको, इन्सुलेशन आहे, आग लागेल. एक रेडिओ ठेवायचा, गाणी नाही, बोलणारं स्टेशन, माणसांचे आवाज पाहिजेत. आमच्या ओळखीत एकांनी जुन्या फोनवर आपल्याकडच्या मराठी न्यूज चॅनेलवरची रात्रीची चर्चा लावून ठेवली होती, सहा जण एकदम ओरडतायत, तिसऱ्या रात्री रॅकून गेला, मला त्याचं काही आश्चर्य वाटलं नाही. आणि अ‍ॅपल सायडर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं एका पसरट डब्यात. बस. हे दिवसरात्र चालू ठेवायचं, तीन-चार रात्री तरी. मादीच्या मनात जवळपासच्या दोन-तीन जागा नेहमी असतात, ती एकेक पिल्लू हलवते. फक्त बाहेर थंडीची लाट किंवा धो धो पाऊस असेल तर हे सुरू करू नको, तशा रात्री ती पिल्लं हलवत नाही. आणि बाहेरचा रस्ता मोकळा ठेव, हे सांगायला नको पण सांगते.

वर चढायचं नाही हे मी परत लिहितेय कारण तुझा नवरा चढणार आहे हे मला इथून दिसतंय. पिल्लं असलेली रॅकून मादी पाच-सात-दहा किलोची असते आणि कोपऱ्यात सापडली की अंगावर येते. शिवाय अ‍ॅटिकमध्ये लाकडी जॉइस्टच्या, म्हणजे तुळयांच्या, मध्ये पाय पडला की पाय सरळ ड्रायवॉलमधून खाली, तुमच्याच बेडवर. हे पण ओळखीत झालंय, नाव सांगत नाही, आमच्याच घरातलं आहे.

आठवडाभरात गेली नाही, किंवा छतावर ओले डाग दिसायला लागले, किंवा वर वायरिंग कुरतडल्याची शंका आली, तर तिसरा रस्ता, चांगला माणूस बोलवायचा. ३११ ला, म्हणजे सिटीच्या हेल्पलाइनला, फोन करून तू विचारशील, करून बघ, पण सिटीवाले धडधाकट रॅकून तुमच्या घरातून काढून देत नाहीत, आजारी किंवा जखमी असेल तरच येतात. म्हणजे प्रायव्हेट. तीन ठिकाणचे कोट घे आणि फोनवरच दोन प्रश्न विचार. एक, पिल्लं आहेत का हे तुम्ही आत जाऊन बघता का आणि असली तर काय करता? हाताने काढून गरम खोक्यात ठेवून आईला न्यायला देतो असं सांगितलं तर पुढे बोल. दोन, पकडून कुठे सोडता? "लांब नेऊन सोडतो, काळजी करू नका" असं म्हणाला की थँक्यू म्हणून फोन ठेव, त्याला कायदा माहीत नाही किंवा माहीत असून तो पाळत नाही. आणि परत त्याच जागेतून घुसलं तर फुकट येणार का, किती वर्षं, ते लेखी घे. होम इन्शुरन्सवर फार भरवसा ठेवू नको, बऱ्याच पॉलिसींमध्ये रॅकूनने केलेलं नुकसान वगळलेलं असतं, तुझी काढून वाच.

डांबरगोळ्यांचं तू लिहिलं नाहीस पण कोणीतरी सुचवणार, आपल्याकडे डांबरगोळी हा सगळ्या गोष्टींवरचा उपाय आहे. नको. तिचा वास रॅकूनपेक्षा तुम्हालाच जास्त होईल, तो गॅस हळूहळू खाली घरात उतरतो आणि लहान पोराला तर अजिबात चांगला नाही. शिवाय कॅनडात असलं औषध लेबलवर लिहिलेल्या कामाशिवाय वापरणं नियमाविरुद्ध आहे आणि लेबलवर कपड्यातली कसर लिहिलीये, रॅकून नाही. मिरचीची धुरी तर मुळीच नको, गावाला कौलारू घरात धूर निघून जातो, इथे इन्सुलेशन आणि प्लायवूड, फायर ब्रिगेड यायची. अल्ट्रासॉनिकची मशीन विकतात, पैसे जास्त झाले असतील तर घे.

आता सासूबाई. हा तुझा खरा प्रश्न आहे असं मला पत्र वाचताना वाटलं.

बघ, त्या अर्ध्या बरोबर आहेत. उदमांजराचं त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे, आमच्या आजोळी पण होतं, कांडेचोर म्हणायचे त्याला, रात्री वाशांवरून फिरायचं, आजी झोपेतच "गप रे" म्हणायची आणि कूस बदलायची. पण कोकणातलं घर आणि स्कारबरोचं घर यात फरक आहे. कौलारू घराला मुळात सगळीकडून फटी, उदमांजराला काही तोडावं लागत नाही, ते येतं, उंदीर खातं, फणस-केळी खातं, जातं. इथलं घर डब्यासारखं बंद, आत शिरायचं म्हणजे फोडायलाच पाहिजे, आणि रॅकूनचे हात म्हणजे हातच असतात, अगदी पाच बोटांचे. रॅकून हा शब्दच मुळी अमेरिकेतल्या पोहॅटन या मूळ रहिवासी लोकांच्या भाषेतून आलाय, अर्थ हाताने खरवडणारा असा काहीसा. आठ-दहा सेंटिमीटरची फट मिळाली तरी त्याला पुरते, नाही मिळाली तर तो करतो. वर इन्सुलेशन तुडवून चपटं होतं, मग हिवाळ्यात हीटिंगचं बिल बघून तुला कळेल. तेव्हा आपोआप जाईल हे खरं, पण भोक आपोआप बुजत नाही, आणि ज्या जागी एकदा सुखरूप बाळंतपण झालं ती जागा मादी विसरत नाही, ती नाही तर दुसरी कोणीतरी येते, नाहीतर खारी.

पोळी मात्र बंद. यावर तडजोड नाही. एप्रिल २०२३ पासून टोरोंटोत स्वतःच्या अंगणातसुद्धा जंगली प्राण्यांना खायला घालायला बंदी आहे, पण तो मुद्दा सासूबाईंना सांगू नकोस, सरकारचं नाव काढलं की आपली मोठी माणसं अजून दोन पोळ्या जास्त ठेवतात. त्यांना हे सांग की पोळीने एक रॅकून येत नाही, पाच येतात, आणि माणसाची भीती गेली की एक दिवस नातीच्या हातातला बिस्कीट घ्यायला येतील. आणि मुक्या जनावराला घास घालायची त्यांची सवय आहे ती मोडायची नसेल तर... खरं सांगू, मला याला उत्तर सापडलेलं नाही, आमच्या आई इथे असताना रोज घास काढायच्या आणि मी तो रात्री गुपचूप ओल्या कचऱ्याच्या ग्रीन बिनमध्ये टाकायचे. बिनवरून आठवलं, कडी नीट लावा. सिटीने २०१६ पासून ते फिरवायच्या कडीचे हिरवे बिन खास रॅकूनसाठी म्हणून दिलेत, त्यावर करोडो डॉलर खर्च झालेत, तरी काही महाभाग ते आडवे पाडून उघडतात, म्हणून जमलं तर बिन गॅरेजमध्ये ठेवा आणि पिकअपच्या दिवशी सकाळी बाहेर काढा.

पण सासूबाईंना नुसतं नाही नाही म्हणू नकोस, त्यांना काम दे. मी गंमत करत नाहीये. त्या संध्याकाळी डेककडे बघत बसतातच. त्यांना वही-पेन दे आणि सांग, ती किती वाजता बाहेर पडते, कुठल्या भोकातून, कधी परत येते, एकटी की तोंडात काही घेऊन, लिहून ठेवा. जो माणूस येईल तो पहिलं हेच विचारणार आहे आणि शंभरातल्या नव्वद घरांना ते सांगता येत नाही. आणि तोंडात पिल्लू घेऊन बाहेर पडताना दिसली तर समज रेडिओ कामाला लागलाय.

दिवसा दिसली म्हणून घाबरायचं नाही. लोकांच्या डोक्यात बसलंय की दिवसाढवळ्या रॅकून म्हणजे पिसाळलेला. दूध पाजणाऱ्या आईला रात्रीचं खाणं पुरत नाही, ती दुपारी पण फिरते. चाल बघायची. झोकांड्या खातोय, गोल गोल फिरतोय, माणूस जवळ गेला तरी हलत नाही, तोंडा-डोळ्यातून घाण येतेय, तर ३११. पुष्कळदा तो डिस्टेंपर नावाचा रोग असतो, माणसाला होत नाही पण कुत्र्याला होतो, तुमच्याकडे कुत्रा असेल तर त्याची लस बघून घ्या. चावला किंवा ओरखडलं तर मात्र, तो कितीही गरीब दिसत असला तरी, जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर, उद्या नाही. रेबीजची लस वेळेवर घेतली तर माणूस वाचतो आणि लक्षणं दिसायला लागल्यावर जवळजवळ वाचतच नाही.

रेबीजपेक्षा तुझ्या घरात मला एका दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी आहे, ती म्हणजे विष्ठा. रॅकून ठरलेल्या एकाच जागी घाण करतात, डेकचा कोपरा, छपराचा सपाट भाग, लाकडांची रास, आणि हो, मुलांची वाळूत खेळायची पेटी! त्यात एका जंताची अंडी असू शकतात, बेलिसॅस्कॅरिस म्हणतात त्याला. माणसाला होणं फार दुर्मिळ आहे पण झालं तर मेंदूपर्यंत जातं, आणि होतं ते मुख्यतः तुझ्या मुलीसारख्या लहान पोरांना, कारण ती माती तोंडात घालतात. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच घातक नसतात, त्यांना दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून अंगणातली घाण लगेच काढलेली बरी. कशी? हातमोजे, एन९५ मास्क, आधी पाणी मारून ओली करायची म्हणजे धूळ उडत नाही, फावड्याने उचलून दोन पिशव्यांत बांधून टाकायची आणि त्या जागेवर उकळतं पाणी. ब्लीचने ती अंडी मरत नाहीत, हे नीट वाच कारण आपण सगळे पहिलं ब्लीचच घेतो. कोरडा झाडू नाही, व्हॅक्यूम नाही. वाळूच्या पेटीवर आज रात्रीपासून झाकण, नसेल तर ताडपत्री आणि विटा. अ‍ॅटिकमधली सफाई मात्र स्वतः करू नका, ती बाळंतीण गेल्यावर माणसाकडून, खराब झालेलं इन्सुलेशन काढून नवीन टाकून.

भोक बुजवायचा दिवस. ती गेली असं वाटलं की भोकात वर्तमानपत्राचा बोळा हलकेच कोंबायचा, ठासून नाही. तीन रात्री बोळा जागच्या जागी असेल आणि आतून आवाज नसेल तर घर रिकामं. (ही युक्ती उन्हाळ्यातली, कडाक्याच्या थंडीत रॅकून दिवसचे दिवस बाहेरच पडत नाहीत, तेव्हा कागद काही सांगत नाही.) मग तिथे गॅल्व्हनाइज्ड जाळी, वेल्डेड, चांगल्या जाड तारेची, स्क्रूने बसवलेली. कोंबडीच्या खुराड्याची पातळ जाळी किंवा स्टेपलरच्या पिना तिला खेळणं वाटतं. फोम तर विचारू नकोस. आणि फक्त तेच एक भोक नाही, त्याच दिवशी सगळं छप्पर बघून घ्यायचं, प्लास्टिकचे रूफ व्हेंट, बाथरूमच्या पंख्याचं तोंड, धुराची चिमणी असेल तर तिच्यावर टोपी, आणि दोन छपरं जिथे एकमेकांना भेटतात ते सगळे कोपरे. छपरावर ओणवलेल्या फांद्या छाटा, जरी ती पाइपवरून आणि विटांच्या कोपऱ्यावरून पण चढते तरी. तुमचं घर सेमी, म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीला जोडलेलं, असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगा, नाहीतर तुमची पाहुणी त्यांच्याकडे शिफ्ट होईल आणि ते तुम्हाला दिवाळीला बोलावणार नाहीत. हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये उरकायचं, थंडी आली की त्या परत जागा शोधत हिंडतात.

तोपर्यंत तुम्ही दोघं पोरीला घेऊन खालच्या खोलीत झोपायला जा. खरंच. एवढा साधा उपाय तुम्हाला सुचला नाही कारण रात्री अडीचला कोणालाच काही सुचत नाही. रेडिओ आजच्या रात्री नको, आज पाऊस सांगितलाय, उद्यापासून लाव. आणि सासूबाईंच्या वहीत पहिल्या चार दिवसांत काय आलं ते मला कळव, त्यावरून माणूस बोलवायचा की नाही ते सांगते.

– मावशी